काळ्या कागदावरची पूड

९ जानेवारी

दादा,

सोबतच्या डब्यात गव्हाचे दाणे आहेत आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली आहे. खराब झालेत समजून फेकून देशील, म्हणून आधीच सांगते. ते धिंगरीचं बियाणं आहे. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी पसरणारी अळंबी, खायची. मी गेली चार वर्षं परसात लावते आहे हे तुला ठाऊक आहे, पण तू कधी कौतुकानेसुद्धा विचारलं नाहीस.

तुझ्या लेकीचं पत्र आलं होतं. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं, तू दुकानाच्या खोलीतून बाहेर पडत नाहीस, मागच्या बागेत पाय ठेवत नाहीस आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढतोस, असं लिहिते. जूनपर्यंत हे असंच चाललं, तर घराला कुलूप लावून तुला आपल्याकडे नेणार म्हणाली. तुला जायचं नाही हे मला न सांगता कळतं. तिच्या तिसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करून घ्यायला कोण जिने चढून येणार आहे? तेव्हा जूनपर्यंत तू हातपाय हलवतोस आणि धड जेवतोस हे तिला दिसलं पाहिजे.

आता कृती. गव्हाचं काड बोटभर तुकडे करून रात्रभर भिजत घाल. सकाळी ते तासभर कडकडीत पाण्यात ठेव आणि निथळू दे. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. मग प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर, दाण्यांचा एक थर असं भरत जा, तोंड बांध, सुईने भोकं पाड. पिशव्या बागेत लिंबाखाली छप्पर करून टांग. पिशवी पूर्ण पांढरी झाली की प्लास्टिक काप, पण पहिले तीन आठवडे अंधार हवा आणि हात लावायचा नाही. पुन्हा लिहिते, हात लावायचा नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

ठकू

३० जानेवारी

ठकू,

डबा मिळाला. पोस्टमनने नाक दाबून दिला.

तुझं "तासभर" म्हणजे किती ते कळेना, म्हणून साठ मिनिटं धरली. "कडकडीत" हा शब्द कुठल्याच मोजमापात बसत नाही. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केलीस आणि कृती लिहितेस शेजारणीला लोणचं सांगितल्यासारखी.

पिशव्या चार झाल्या. बागेत टांगल्या नाहीत, दुकानाच्या खोलीत कामाच्या टेबलाशेजारी टांगल्या आहेत. बागेत लावून मला इथून काय दिसणार? वही घातली आहे. नवव्या दिवशी दाण्यांभोवती पांढरे धागे दिसू लागले, चौदाव्या दिवशी अर्धी पिशवी पांढरी झाली. हात लावलेला नाही. डोळ्याला भिंग लावून बघतो, त्याला तुझी मनाई नव्हती.

एक विचारायचं राहिलं. हे धागे एकमेकांना भेटतात तेव्हा आपण एकाच पिशवीतले आहोत हे त्यांना कळतं का? दोन दिशांनी आलेले धागे मधे जुळतात आणि जोड कुठे आहे ते भिंगातूनही सापडत नाही. मी इतकी वर्षं दातेरी चाकं जुळवली, पण असा जोड मला कधी जमला नाही.

दादा

१८ फेब्रुवारी

ठकू,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो, कारण भानगड झाली आहे. पिशव्या पूर्ण पांढऱ्या झाल्यावर तू सांगितल्याप्रमाणे प्लास्टिक कापलं. पाचव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे दाणे आले. मी खुर्ची ओढून बसलो. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हटलं.

पण पुढे जे वाढलं ते तुझ्या वर्णनाशी जुळत नाही. देठ वीतभर लांब आणि टोपी शर्टाच्या बटणाएवढी. सगळे माना उंच करून कुणाची तरी वाट बघत उभे आहेत. बियाणं जुनं दिलंस का?

तोडून खाल्ली. छान लागली.

दादा

२३ फेब्रुवारी

दादा,

बियाणं ताजं होतं! स्वतःचं चुकलं की आधी माझ्याकडे बोट दाखवायचं, हे तुझं लहानपणापासूनचं.

त्या माना उंच करतात कारण त्यांचा जीव घुसमटतो आहे. अळंबी आपल्यासारखाच श्वास टाकते. बंद खोलीत तो श्वास साचला की ती वर हवा शोधत जाते आणि देठच वाढतो. अंधार आणि बंद खोली पहिल्या तीन आठवड्यांपुरती होती. आता खिडक्या उघड, दोन्ही, सताड. पाणी हलकं फवार. आणि टोपीची कड खाली वळलेली असतानाच काप. कड सपाट होऊन वर उलटायला लागली म्हणजे उशीर झाला.

धाग्यांचं विचारलंस ते मला दोन रात्री पुरलं. कॉलेजातल्या आमच्या जुन्या बाईंना विचारून आले. कळतं म्हणाल्या. आपले असतील तर जुळतात, परके असतील तर मधे रेघ आखून थांबतात. कसं कळतं ते मात्र त्यांनाही पुरतं सांगता येईना. बघ, तू नुसतं भिंग लावून बसलास आणि बाईंना पुस्तकं काढायला लावलीस.

दुसऱ्या खेपेचं बियाणं पाठवते आहे. तू खातोस हे वाचून फार बरं वाटलं. लेकीलाही तसं कळवलं आहे.

ठकू

२४ मार्च

ठकू,

हवेची सोय केली. फरक आठ दिवसांत दिसला. देठ आखूड, टोप्या तळहाताएवढ्या, एकावर एक. आता नऊ पिशव्या आहेत. शेजारची शिवणवाली खोलीत आली आणि हात जोडून उभी राहिली. मी म्हटलं, बाई, देव नाही, भाजी आहे.

सकाळी सात ते नऊ मी दुसरं काम करत नाही. टोपीखाली नाक नेलं की पडदे दिसतात, पातळ, कागदासारखे, देठापर्यंत उतरत गेलेले. एका टोपीखालचे मोजायला घेतले. दोनशे चाळीसपर्यंत गेलो आणि खोकला आला, मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कड वर उलटली की पडदे आणखी मोकळे होतात आणि उजेड त्यांच्यातून आरपार येतो. कापायला हात धजत नाही. आणखी एक दिवस बघू म्हणतो आणि तो दिवस लांबत जातो.

मधूनमधून खोकला आहे. ऋतू बदलतो आहे, दुसरं काही नाही. लेकीला कळवू नकोस, ती लगेच बॅग भरायला येईल.

दादा

२ मे

प्रिय आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते आहे. हे लिहायचं नाही असं बाबांनी मला बजावलं आहे. पण तू सख्खी बहीण, तुझ्यापासून किती लपवणार?

बाबांना महिनाभर खोकला आहे. जिना चढताना थांबावं लागतं, वजन पाच किलो उतरलं आहे, अंगात बारीक ताप असतो. मी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना धुक्यासारखं दिसतं आहे. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. गाठ नसेल असं आपण धरून चालू, पण फुप्फुसात सुई घालून तुकडा तपासायला हवा म्हणाले. बावीस तारीख दिली आहे. त्या वयात ते करणंही सोपं नाही, असंही म्हणाले.

प्रश्न तरी काय काय विचारले! धूम्रपान करता का, खाणीत काम केलंत का, घरात कबुतरं पाळता का. बाबांनी सगळ्याला नाही म्हटलं. कबुतरांचा काय संबंध, देव जाणे.

तपासणीत काहीही निघालं तरी मी त्यांना परत त्या घरात एकटं ठेवणार नाही. सुटकेस भरून ठेवली आहे. मधे चार दिवस माझ्याकडे आणलं होतं तर खोकला कितीतरी कमी होता, झोपही लागली. वेळेवर जेवण आणि माझा काढा, दुसरं काय? मग एका गिऱ्हाइकाचं घड्याळ द्यायचं म्हणून हट्टाने परत गेले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा ताप.

ते मला काही सांगत नाहीत, आत्या. पण परवा त्यांनी गिऱ्हाइकांची सगळी घड्याळं चिठ्ठ्या लावून एका खोक्यात ठेवलेली मी पाहिली.

तुझी भाची

७ मे

दादा,

पोरीवर रागावू नकोस. तिने सगळं लिहिलं. पत्र दोनदा वाचलं, आणि मग ती कबुतरं डोक्यात शिरली ती निघेनात. एवढा शिकलेला डॉक्टर उगाच कबुतरांचं का विचारेल? पिसांची धूळ, विष्ठेची धूळ. त्याला धूळ शोधायची होती.

म्हणून मला खालच्या प्रश्नांची उत्तरं दे. वेड लागलंय असं समजलास तरी चालेल, पण दे. ताप दिवसातून नेमका किती वाजता येतो? वहीत असणारच. टेबलावर, चष्म्यावर, घड्याळाच्या काचांवर पांढरी पूड बसते का? टोप्या तू कधी कापतोस, कड खाली असताना की उलटल्यावर? आणि खिडक्या. दादा, तू खिडक्या खरोखर उघडल्या होत्यास ना?

उलट टपाली लिही. आजच्या आज.

ठकू

११ मे

ठकू,

माणूस जायच्या वाटेवर आहे आणि तू त्याला काचा पुसल्यास का विचारतेस. तुझी वहिनी म्हणायची तेच खरं, तुझं अर्धं डोकं कायम सूक्ष्मदर्शकाखाली असतं.

पण वही आहे, तेव्हा उत्तरं देतो. ताप दुपारी एक ते दोनच्या दरम्यान चढतो आणि रात्री आठनंतर उतरतो. इतका वक्तशीर ताप मी पाहिला नाही. लेकीकडच्या चार दिवसांत आला नाही. तिथून आलो तेव्हा नऊ पिशव्या एकदम भरून फुलल्या होत्या, पहिल्या सकाळी तीन तास बघत बसलो, त्या दुपारी तापही एकशेदोन.

पूड बसते. दर सकाळी टेबलावर पिठूळ थर असतो. मला वाटलं भिंतीचा चुना. दोन घड्याळं त्याच्यापायी पुन्हा उघडावी लागली, हे माझ्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं.

खिडक्या उघडल्या नव्हत्या. आता तुझ्याशी खोटं बोलण्यात काय अर्थ आहे? चाळीस वर्षं मी त्या खोलीची खिडकी उघडली नाही. रस्त्याची धूळ एका चाकात गेली तर घड्याळ बसतं. म्हणून दाराशी टेबलफॅन लावला आणि तेवढ्यावर भागवलं. तुला "हवेची सोय केली" असं लिहिलं, त्यात शब्दशः खोटं काही नाही.

कड उलटल्यावरच कापतो. कधी कापतही नाही.

ठकू, मला भीती वाटते आहे. लेकीसमोर तोंड हसरं ठेवतो. तिच्या घरी जायचं नाही म्हणजे मला ती नको आहे असं नाही. पण तिथे मी फक्त आजारी माणूस असेन, आणि इथे अजून कुणी घड्याळ घेऊन आलं की मला काका म्हणून हाक मारतं.

दादा

१४ मे, जलद टपालाने

दादा,

हे पत्र वाचून झाल्याबरोबर एक उलटलेली मोठी टोपी तोड. नाकाला ओलं फडकं बांधून. देठ काढून टाक, टोपी पडदे खाली करून काळ्या कागदावर ठेव, वर वाडगं पालथं घाल. सकाळी उचल. मग कागद घे आणि लेकीला घेऊन तडक डॉक्टरांकडे जा. बावीसची वाट बघू नकोस.

कागदावर जे उमटेल ते तुझ्या टेबलावरचं पीठ आहे. ते अळंबीचे बीजकण. रस्त्यावरची धूळ बाहेर ठेवण्यासाठी तू खिडकी बंद ठेवलीस आणि त्याहून बारीक धूळ आत कोंडून घेतलीस, वर पंखा लावून ती खोलीभर फिरवलीस, आणि रोज दोन तास नाक तिच्याखाली धरून बसलास. धिंगरीसारखी पूड दुसरी कुठली अळंबी क्वचितच टाकते. आमच्या बाईंकडे टोप्या कापायला येणारी एक मुलगी असाच खोकला आणि संध्याकाळचा ताप घेऊन बसली होती. बाईंनी तिला तोंडाला फडकं बांधायला लावलं, छपराच्या भिंती काढल्या, आणि ती बरी झाली. हे मला माहीत होतं, दादा. चार वर्षं माहीत होतं. मी तुला कड उलटायच्या आत काप असं लिहिलं, पण का ते लिहिलं नाही. माझं छप्पर उघडं आहे, मला त्याचा विसर पडला होता. तुला बरं वाटावं म्हणून तो डबा पाठवला आणि हे करून बसले.

मी डॉक्टर नाही. माझं चुकतही असेल, फोटोतलं धुकं दुसरं कशाचंही असेल. पण त्यांनी कबुतरांचं विचारलं, अळंबीचं नाही. कुणी तरी त्यांना सांगायला हवं.

आणि आज रात्रीपासून त्या खोलीत झोपायचं नाही, बसायचं नाही, वहीसुद्धा आणायला जायचं नाही.

ठकू

१८ मे

ठकू,

वाडगं उचललं आणि मी खोकायचं विसरलो.

कागदावर चक्र उमटलं होतं. मधे देठाची रिकामी जागा आणि तिथून कडेपर्यंत बारीक बारीक पांढऱ्या रेषा, किंचित जांभळट झाक असलेल्या. मोजायची इतके दिवस धडपड केली ते सगळे पडदे तिथे आयते काढून ठेवले होते. एकच टोपी, एक रात्र. मग मी खोलीतल्या टोप्यांचा हिशेब केला आणि खुर्ची मागे सारली.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला, वही मागितली, तापाच्या वेळा आणि माझ्या निरीक्षणाच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. मग म्हणाले, "काका, हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्ही कबुतरांचं विचारलंत." ते हसले. लेक मात्र रडली.

सुई महिनाभर पुढे ढकलली आहे. रद्द नाही, पुढे. गोळ्या दिल्या आहेत. खोलीत पाऊल टाकायचं नाही. महिन्याने पुन्हा फोटो, आणि त्यात काय दिसतं त्यावर सगळं. लेक रजा काढून इथेच राहिली आहे. तोंड बांधून तिने सगळ्या पिशव्या मागच्या बागेत नेऊन टाकल्या, खोली ओल्या फडक्याने तीनदा पुसली. मी व्हरांड्यातून सूचना देत होतो, तिने शेवटी दार लावून घेतलं.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. खिडकीबद्दल खोटं मी बोललो होतो.

दादा

२७ जून

ठकू,

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. नवीन फोटोत धुकं नाही. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि लेकीने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते जरा वैतागले. सुई नको म्हणाले. जिना मी आता न थांबता चढतो.

आता दुसरी गोष्ट, ती ऐकून तू रागावणार आहेस. बागेत फेकलेल्या पिशव्यांकडे कुणी बघितलं नव्हतं. तुझ्या वहिनीच्या रिकाम्या वाफ्यांत त्या फाटून पडल्या होत्या. परवा सकाळी लेकीने हाक मारली. फाटक्या प्लास्टिकमधून घोसच्या घोस बाहेर आले होते, कुणी पाणी घातलेलं नाही, कुणी वही ठेवलेली नाही. मी दोन वर्षांनी त्या पायऱ्या उतरलो. डॉक्टरांची उघड्यावर परवानगी आहे, पण दहा पावलं लांबून. भिंग घरात ठेवलं. लेकीने कड खाली होती तोवरच कापली आणि कांद्यावर, लोण्यात परतली.

ताटात आली तेव्हा मी घास घेईना. तिने विचारलं, "काय झालं? आवडतात ना तुम्हाला?" मग मला सांगावं लागलं, आणि आता तुलाही सांगतो. मी आजवर एकही खाल्ली नव्हती. फेब्रुवारीत तुला "छान लागली" असं लिहिलं ते तुला बरं वाटावं म्हणून. चार शिवणवालीला द्यायचो, बाकीची कापून करायचं काय? एकट्यासाठी कढई ठेवायची, एकच ताट मांडायचं, ते माझ्याने होत नाही. म्हणून ती वाढू द्यायचो आणि बघत बसायचो. वाढत्या वस्तूसमोर बसलं की जेवणाची वेळ निघून जायची.

लेकीने माझ्या ताटात आणखी दोन चमचे वाढलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आईने यात मिरी जास्त घातली असती." मी म्हटलं, "आणि मीठ विसरली असती." मग आम्ही दोघं हसलो, आणि मग हसणं थांबवता येईना, आणि तिच्याबद्दल बोलत दुपारचे चार वाजले. तिच्या आईबद्दल आम्ही त्या दिवसापर्यंत एक शब्द बोललो नव्हतो.

संध्याकाळी लेकीने सुटकेस उघडून माझे कपडे परत कपाटात लावले. अट एकच घातली, दुपारचं जेवण कुणाबरोबर तरी व्हायला हवं. शिवणवाली आणि मी आलटून पालटून रांधणार आहोत. तिला भात जमतो, मला अजून काही जमत नाही.

अळंबी खरंच छान लागते.

लेक रविवारी परत जाते आहे. त्याच्या आत तू ये. बागेत अजून आठवडाभर निघतील आणि कापायला मला मनाई आहे. माणसांत बसून काय करू, मला ऐकू येत नाही, असं दर वेळी लिहितेस. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, आपलं चांगलं जमेल.

दादा